शिकार बंद केली की झालं? सील आपोआप परत येतात का?

सनीवेलकर:
आईबाबा डोंबिवलीहून आलेत, त्यांना घेऊन जानेवारीत इथे कॅलिफोर्नियात सॅन सिमिऑनजवळ पिएद्रास ब्लांकासला एलिफंट सील बघायला गेलो होतो. हायवेला लागूनच किनारा आणि कठड्याच्या खाली वाळूत शेकडो सील, आडवेतिडवे, तेलाच्या पिंपांसारखे. बाबा म्हणाले मेलेत की काय, तेवढ्यात एकाने पाठीवर वाळू उडवून घेतली आणि परत डोळे मिटले. वास असा की आईने ओढणी नाकाला लावली ती गाडीत बसेपर्यंत काढली नाही.

तर मुद्दा असा. १९९० मध्ये या किनाऱ्यावर जेमतेम दोन डझन सील आले होते, इथलं पहिलं पिल्लू १९९२ चं. आणि त्याच्या शंभर वर्षं आधी ही जातच संपली असं लोक धरून चालले होते, कारण चरबीच्या तेलासाठी सगळे मारून टाकलेले. १८९२ ला स्मिथसोनियन या अमेरिकन म्युझियमची माणसं मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटावर गेली, त्यांना ८ सापडले, आणि त्यातले ७ त्यांनी म्युझियमसाठी मारले!! जात संपत आलीय ना, मग नमुने घेऊन ठेवूया, असं लॉजिक. पुढे १९२२ ला मेक्सिकोने बंदी घातली, नंतर अमेरिकेनेही संरक्षण दिलं आणि आज २ लाखांच्या वर आहेत. कोणी पैदास केंद्र काढलं नाही की कुठून पिल्लं आणून सोडली नाहीत. म्हणून माझं मत, मारणं बंद करा, बाकीचं निसर्ग बघून घेतो.

खवट_नारळ:
साफ चूक. वर्गातला एक पास झालेला पोरगा दाखवून अख्ख्या शाळेचा निकाल सांगताय. कॅरिबियन मंक सील शेवटचा दिसला १९५२ ला, २००८ ला अधिकृतपणे नामशेष. बरं तो सोडा, हवाईचा मंक सील घ्या, त्याला कोणी तेलासाठी मारत नाही, कायदा कडक आहे, तरी सगळे मिळून १६०० च्या आसपास. कधीचं मारणं बंद आहे, मग निसर्ग काय झोपलाय का तिथे?

सनीवेलकर:
मग अडतंय कुठे ते पण सांगा की.

खवट_नारळ:
पिल्लांना पोटभर मिळत नाही, समुद्रात फेकलेल्या जाळ्यांत अडकतात, शिवाय मांजरांच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी जंतू पाण्यात जातो आणि त्याने मरतात. तिथली माणसं जाळी कापून सोडवतात, आजारी पिल्लं उचलून दवाखान्यात नेतात, म्हणून एवढे तरी टिकलेत. तुमच्या थिअरीने हात बांधून बसले असते तर एव्हाना श्राद्ध घालायची वेळ आली असती.

माऊची_आई:
मांजरांना कशाला मधे घेताय 😾

बोस्टनची_मावशी:
मला वेगळंच म्हणायचंय. परत आले की सगळे टाळ्या वाजवतात, पण शेजारी कोण राहतं त्यांना विचारा. इकडे मॅसॅच्युसेट्समध्ये १८८८ पासून १९६२ पर्यंत सील मारला की सरकार इनाम द्यायचं, शेवटी शेवटी एका नाकाला ५ डॉलर. हो, नाक कापून दाखवायचं. मग सील मारायला बंदी करणारा १९७२ चा कायदा आला, कॅनडातल्या सेबल बेटावरून ग्रे सील पसरत आले आणि आता इथल्या केप कॉडच्या किनाऱ्यावर हजारोंनी आहेत. त्यांच्या मागोमाग मोठे पांढरे शार्क. २०१८ ला तिथल्याच वेलफ्लीटला एक पोरगा शार्कने गेला, राज्यात १९३६ नंतर असं पहिल्यांदाच झालं. आमच्या ह्यांनी एकदा अर्धा तास झुंजून स्ट्राइप्ड बास मासा ओढत आणला तर गळाला नुसतं डोकं! बाकीचा सीलने खाल्ला आणि वर तिथेच तोंड बाहेर काढून बघत बसला. आम्ही हसलो, पण ज्याचं पोट त्यावर आहे तो कसा हसेल?

सनीवेलकर:
मावशी, काकांच्या माशाचं वाईट वाटलं 😀 पण तिकडचा कॉड मासा संपला तेव्हा सील होते कुठे? ट्रॉलर लावून माणसानेच उपसला ना. आता सील दिसतात म्हणून खापर त्यांच्यावर.

बोस्टनची_मावशी:
संपवला माणसाने, मान्य. पण उरलेला थोडका कॉड वर येऊ पाहतोय तेव्हा त्यातला कोण किती खातो याला महत्त्व आहे की नाही? दोन्ही खरं असू शकतं.

भरती_ओहोटी:
मरीन बायॉलॉजी शिकलेय म्हणून मधे पडते. एलिफंट सील परत का आला ते नीट बघा, त्याचं नशीब फार वेगळं आहे. वर्षातले आठ-दहा महिने हा प्राणी खोल समुद्रात असतो, त्यामुळे किनाऱ्यावरचे सगळे मारले तरी काही पाण्यात वाचले, शिकाऱ्यांना ते कधी दिसलेच नाहीत. खातो काय, तर पाचसहाशे मीटर खालचे छोटे मासे आणि माकुल, म्हणजे कोळ्यांशी भांडणच नाही. मावशींच्या ग्रे सीलचं आणि कोळ्याचं ताट एकच आहे, तिथेच खरी गोम. युरोपातल्या बाल्टिक समुद्रात तर शिकार कमी झाल्यावरही कितीतरी वर्षं ग्रे सीलचा आकडा हलेना, कारण पाण्यातल्या पीसीबी या विषारी औद्योगिक रसायनांमुळे माद्यांना पिल्लंच होत नव्हती. पीसीबीवर बंदी आली, तेव्हा वाढले. आता इतके झालेत की स्वीडन आणि फिनलंड परत शिकारीचे परवाने देतात.

आणि २ लाख हा आकडा ऐकून फार खूश होऊ नका, हे सगळे मोजक्या पूर्वजांची लेकरं आहेत. १९७४ च्या अभ्यासात २१ प्रथिनं तपासली तर एकातही फरक सापडला नाही. एखादी साथ आली तर सगळे एकदम जाऊ शकतात.

सनीवेलकर:
साथीचं म्हणाल तर अर्जेंटिनात वाल्देसला २०२३ मध्ये बर्ड फ्लूने दक्षिणी एलिफंट सीलची १७ हजारांवर पिल्लं मेली. त्यांच्यात तर आमच्यापेक्षा जास्त वैविध्य आहे ना? मग त्याचा काय उपयोग झाला?

भरती_ओहोटी:
"आमच्यापेक्षा" 😂 कधीपासून सील झालात? पण मुद्दा बरोबर आहे, नवा व्हायरस आला की वैविध्यवालेही मरतात. फरक पडतो तो नंतर, वाचलेल्यांत काय शिल्लक राहतं त्यावर.

खवट_नारळ:
म्हणजे नुसती बंदी पुरत नाही, हेच मी पहिल्यापासून बोंबलतोय.

सनीवेलकर:
आणि बंदी नसती तर तुम्हाला बोंबलायला सील उरला नसता. बंदी आधी, बाकी सगळं नंतर. मी "बाकीचं निसर्ग बघून घेतो" एवढं मागे घेतो, "मारणं बंद करा" हे नाही.

पुणेरी_पाहुणा:
भांडण चालू द्या. आम्ही मार्चएंडला मुलीकडे येतोय, तेव्हा दिसतील का? पार्किंगला पैसे पडतात का?

सनीवेलकर:
पार्किंग फुकट. मोठे सोंडवाले नर तोवर बहुतेक गेलेले असतात. आयासुद्धा महिनाभर दूध पाजून निघून जातात, त्यामुळे किनाऱ्यावर नुसती गुबगुबीत पिल्लं, पाण्याच्या कडेला आपली आपण पोहायला शिकत असतात. दोनेक महिने पोटात काही नाही, चरबीवर चाललेलं असतं. एक दिवस निघतात, आणि पहिल्या वर्षात साधारण निम्मी परत येत नाहीत. जॅकेट न्या, वारा फार असतो.