‘पायलट एरर’ला नेमकं काय म्हणायचं? चूक, गफलत की गल्लत?

नमस्कार मंडळी. मी नागपूरची, सोनेगावच्या बाजूला राहते, दिवसभर डोक्यावरून विमानं उतरत असतात. भाच्याला कॉलेजात विमान सुरक्षेवर मराठीतून बोलायचंय आणि त्याचं टिपण तपासताना मी एका शब्दावर अडून बसलेय. ‘पायलट एरर’ला त्याने ‘वैमानिकाची चूक’ लिहिलंय, पेपरातही तेच असतं, पण मला ते खटकतंय. कारण मराठीत ‘चूक’ म्हटलं की लगेच ‘कोणाची?’ येतं, आणि कोणाची ते कळलं की आपण पुढे काही विचारतच नाही.

टिपणातलं उदाहरणच सांगते. २० जानेवारी १९९२, फ्रान्समध्ये एअर इंटरचं एअरबस ए-३२० ल्यॉनहून स्ट्रासबर्गला चाललेलं, रात्रीची वेळ, आणि उतरता उतरता ते डोंगरावर आदळलं. ९६ पैकी ८७ माणसं गेली. विमान खाली आणायचे दोन मोड होते, एकात कोन सांगायचा, दुसऱ्यात मिनिटाला किती फूट ते सांगायचं, आणि दोन्हींसाठी बटण एकच, आकड्याची खिडकीही एकच. ३.३ अंश असेल तर ३.३ दिसायचं आणि मिनिटाला ३३०० फूट असेल तर नुसतं ३३. म्हणजे फरक काय, तर एक टिंब आणि बाजूची बारीक अक्षरं! ३.३ अंशाने विमान मिनिटाला साधारण ८०० फूट खाली येतं, हे त्याच्या चौपट वेगाने येत होतं. चौकशीत छातीठोक निष्कर्ष निघाला नाही, पण दोन मोडमधला हा घोळ ही सगळ्यात दाट शक्यतांपैकी एक मानली गेली.

तर माझं म्हणणं असं की याला मराठीत अगदी नेमका शब्द आहे, गल्लत. आपण ‘दोघांच्या नावात गल्लत झाली’ म्हणतो ना, तसं. गल्लत व्हायला दोन गोष्टी लागतात, आणि त्या एकमेकींसारख्या दिसाव्या लागतात. ‘चूक’ म्हटलं की विचारतात कोणाची, ‘गल्लत’ म्हटलं की विचारतात कशाकशात? आणि त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर थेट त्या खिडकीपाशी जातं. तुम्हाला काय वाटतं?

प्रतिसाद

ताई, मी नागपूरचाच, विमानदुरुस्तीत उभी हयात गेली, आता रिटायर. तुमचं पटतं पण एक शंका आहे. गल्लत शब्द हलका नाही का वाटत? कुरिअरच्या पत्त्याची गल्लत होते, लग्नपत्रिकेत गल्लत होते, इथं ८७ माणसं गेली. ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांना ‘गल्लत झाली’ म्हणून कसं सांगायचं? आमच्याकडे तर लोक सरळ ‘गलती झाली’ म्हणतात, हिंदीतून आलं असेल, पण त्यात निदान कबुली तरी आहे.

दुसरं म्हणजे सगळे अपघात गल्लतीत बसत नाहीत. १४ फेब्रुवारी १९९० चा बंगलोरचा अपघात घ्या, इंडियन एअरलाइन्सचं, तेही ए-३२०च, मुंबईहून गेलेलं. १४६ पैकी ९२ दगावले. तिथे उतरण्याचा वेग ठरवायच्या नॉबऐवजी उंचीचा नॉब फिरला असावा अशी शक्यता चौकशीत मांडली गेली. त्याने विमान अशा मोडमध्ये गेलं की इंजिनं आयडलवर, म्हणजे नुसती चालू, जोर नाही, वेग घटत गेला, आणि लक्षात येईस्तोवर धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीला टेकलं. याला काय म्हणाल?

प्रतिसाद

काका, मी धरमपेठेत मराठी शिकवते, मध्येच बोलते. बंगलोरला हस्तदोष चालेल. पोथी उतरवणाऱ्याला माहीत असतं काय लिहायचं ते, हात दुसरंच लिहितो, तसंच हे, मनात वेग होता, हात गेला उंचीवर. फक्त आज तो शब्द छपाई-लिखाणापुरता उरलाय, त्यामुळे श्रोत्यांना एकदा समजावून सांगावं लागेल. आणि ‘गफलत’ला गल्लतीत मिसळू नका, ध्वनी जवळचा असला तरी गफलतीत लक्ष नसणं आहे, गाफील त्याच कुळातला. गफलत म्हटलं की लोक विचारणार, लक्ष कुठं होतं?

पुन्हा मी

बाई, ‘हस्तदोष’ एकदम आवडला, घेतला. आणि गाफीलवरून तिसरं उदाहरण आठवलं. ६ जुलै २०१३, सॅन फ्रान्सिस्को, एशियानाचं बोइंग ७७७, ३०७ पैकी ३ जण गेले. तिथे ऑटोथ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर आपोआप कमीजास्त करणारी यंत्रणा, वेग सांभाळतोय असं वैमानिकांनी धरून चाललेलं, पण त्यांनीच आधी केलेल्या बदलांमुळे तो होल्डवर गेलेला, म्हणजे काहीच करत नव्हता. वेग १३७ नॉट हवा होता, तो १०३ पर्यंत पडला. भाच्याने इथे लिहिलेलं ‘स्वयंचलित यंत्रणेने दगा दिला’. हे मी खोडलं. दगा द्यायला मनात काही असावं लागतं. ही यंत्रणा म्हणजे सांगकाम्या, सांगितलं तेवढंच करणार, सांगणाऱ्याच्या मनात काय होतं ते तिला कळत नाही. ३३ सांगितलं तर ३३. ‘स्वयंचलित’ शब्दामुळे वाटतं की ती आपल्या आपण सगळं बघून घेईल, आणि माणूस गाफील होतो तो बहुधा इथेच.

काका, हलक्या शब्दाबद्दल तुमचं बरोबर आहे, दोन दिवस तेच डोक्यात होतं. माझं उत्तर एवढंच की त्या घरच्यांना शब्द जड हवा असेल, पण त्याहून जास्त त्यांना पुन्हा असं होऊ नये हे हवं असेल. स्ट्रासबर्गनंतर एअरबसने ती खिडकी बदलली, वेग पूर्ण चार आकडी दिसायला लागला, ३३ च्या जागी ३३००. नुसतं ‘वैमानिकाची चूक’ म्हणून फाइल बंद केली असती तर खिडकीकडे कोण बघणार होतं? म्हणून वाक्य असं केलंय, बघा चालतंय का: ‘दोन मोडमध्ये वैमानिकांची गल्लत झाली असावी आणि ती होईल अशीच त्या खिडकीची रचना होती.’

(‘मोड’ तसाच ठेवलाय. मटकीचे मोड आणि सुट्टे पैसे दोन्ही आठवतात खरं, पण ‘अवस्था’ लिहिलं तर कोणालाच कळणार नाही.)

एक मात्र अजून सुटलं नाहीये. आपण ‘विमान उतरलं’ म्हणतो ते चाकं टेकली की, आणि ‘उतरतंय’ म्हणतो तेव्हा ते अजून पार वर असतं. ३५ हजार फुटांवरून यायचं तर जवळजवळ दोनशे किलोमीटर आधी सुरुवात करावी लागते, म्हणजे मुंबईहून नागपूरला येणारं विमान मूर्तिजापूरच्या आसपासच खाली यायला लागत असेल. त्या वीस-पंचवीस मिनिटांना वेगळा शब्द हवा. ‘अवरोहण’ गाण्यातलं वाटतं. घाटाची उतरण म्हणतो तसं ‘विमानाची उतरण’ चालेल का? काका, तुमच्या हँगरमध्ये काय म्हणायचे?

प्रतिसाद

ताई, वाक्य चालतंय, माझी हरकत नाही. हँगरमध्ये आम्ही डिसेंटच म्हणायचो. पण माझे जुने फोरमन वर्ध्याकडचे होते, ते म्हणायचे ‘विमान उतरणीला लागलं’.