टीएसएच नॉर्मल आला म्हणजे बाई बरी झाली का?

विडीघरकुल_लेक
काल आपल्या सोलापूरच्या ग्रुपवर एका गृहस्थांनी थायरॉईडच्या बायकांबद्दल लिहिलं: "गोळी चालू, रिपोर्ट नॉर्मल, तरी थकवा थकवा करायलेत. हे थायरॉईड नाही, कामाचा कंटाळा आहे." रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहितेय.

माझ्या आईची हयात विड्या वळण्यात गेली. थायरॉईड मंदावलं म्हणून सहा वर्षं त्याची गोळी चालू आहे, ७५ मायक्रोग्रॅमची. टीएसएच म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक, थायरॉईड कमी पडलं की ते रक्तात वाढतं. आईचं ४.१, म्हणजे नॉर्मल रेंजच्या अगदी वरच्या कडेला. प्रत्येक खेपेला एकच उत्तर, "रिपोर्ट चांगलाय, टेन्शन घेऊ नका." आणि घरी काय? मे महिन्यात, बाहेर ४३ डिग्री असताना ती पायात मोजे घालून बसायची. विडीला दोरा गुंडाळताना बोटं आखडायची, सूप मांडीवर तसंच ठेवून डोळे मिटायची. न्हाणीच्या जाळीवर केसांचा पुंजका रोजचाच.

शेवटी एका डॉक्टरबाईंनी विचारलं, गोळी घेता कशी? आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, तेही भल्या पहाटे. त्या दिवशी आधी दुधाचा चहा, मग घागरी, मग आठवलं तर गोळी. बाकीच्या दिवशी चहाबरोबरच, आणि लगोलग कॅल्शियमची गोळी, कारण दोन्ही एकाच डबीत. कॅल्शियम आणि लोह थायरॉईडची गोळी आतड्यात अडवून धरतात, चार तासांचं अंतर लागतं, हे सहा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. वर हिमोग्लोबिन ८.२ निघालं. याला कंटाळा म्हणायचं?

नवीपेठ_औषधवाला
ताई, आईंबद्दल वाईट वाटलं. पण तुम्हीच माझा मुद्दा सिद्ध केलात. थकवा रक्त कमी असल्याचा होता, थायरॉईडचा नव्हता. वीस वर्षं काउंटरवर उभा आहे. "७५नं काय होईना, १००ची द्या" म्हणत रोज कुणीतरी येतं, चिठ्ठी नाही, काही नाही. डोस जास्त झाला की छातीत धडधड, ठोके अनियमित, उतारवयात हाडं ठिसूळ. रिपोर्ट नॉर्मल असेल तर दुखणं दुसरीकडं शोधा, एवढंच त्या गृहस्थांना म्हणायचं असेल.

विडीघरकुल_लेक
त्यांनी "दुसरीकडं शोधा" लिहिलं नाही. "कंटाळा" लिहिलं. शोधायला सांगणारा माणूस आणि तोंड बंद करणारा माणूस तुम्ही एकाच रांगेत बसवायलाव. आणि डोस वाढवा असं मी कुठं लिहिलंय, दाखवा.

लॅबमधला_एक
एक सांगतो, कुणी लक्ष देत नाही. केस गळतात म्हणून बायका बायोटिनच्या गोळ्या घेतात. बऱ्याच मशीनवर त्यामुळं टीएसएच खोटा कमी दिसतो. म्हणजे वाढलेला असला तरी कागदावर नॉर्मल. तपासणीआधी किमान दोन दिवस बंद ठेवा, आणि रक्त घेणाऱ्याला सांगा.

सम्राटचौक७७
मला तर आहारवाल्या बाईंनी भाकरीच बंद करायला लावली. ज्वारी, बाजरी, कोबी, फ्लॉवर सगळं बंद. आठ महिने चपातीवर आहे. फरक शून्य, पण म्हटलं थायरॉईडला भाकरी चालत नसेल.

मालदांडी_शिवार
भाकरी बंद? सोलापुरात राहून? आमच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आमच्याच माणसांना कुणीतरी पाच मिनिटांत ती ताटातून उचलायला सांगतं. माझी आजी ब्याऐंशी वर्षं दोन्ही वेळा भाकरी खाऊन गेली, गळ्याला गाठ नाही.

सम्राटचौक७७
तुमच्या आजीला थायरॉईड नव्हता, मला आहे. आणि ज्वारीत विष असतं हे शेतकऱ्याला मी सांगावं का?

मालदांडी_शिवार
विष कोवळ्या पोंग्यात असतं! पाऊस ताणला की खुरटलेली कोवळी ज्वारी खाऊन जनावर तडफडून मरतं. माझी एक गाय डोळ्यांदेखत गेलीय, मला शिकवू नका. ते विष कणसातल्या पक्व दाण्यात नसतं. बाजरीचं थोडं वेगळं आहे, तिच्यातले काही घटक थायरॉईडला आडवे येतात हे खरं. पण ते कुठं? जिथं बाजरीच मुख्य अन्न आणि मीठ बिनआयोडीनचं. तुम्ही भोगीला खाल्लेल्या दोन भाकरींनी काही होत नाही. कोबी शिजवला की त्याचाही जोर उतरतो.

होटगीरोड
भाकरीवर भांडून झालं असेल तर मूळ प्रश्न. माझी बायको नियमानं उपाशीपोटी गोळी घेते, टीएसएच २, हिमोग्लोबिन, बी१२, डी सगळं ठीक. तरी दुपारी दोनला माणूस जमिनीवर आडवा. अशी पाच ते दहा टक्के माणसं असतात. टी४ आणि टी३ ही थायरॉईडची दोन संप्रेरकं. गोळीत फक्त टी४ असतं, त्याचं टी३ शरीरानं करायचं, आणि शरीराला लागतं टी३. मग टी३ची गोळी का देत नाहीत? तीन डॉक्टर झाले, तिघांनी हात झटकले.

नवीपेठ_औषधवाला
कारण टी३ काही तासांत चढतं आणि उतरतं. टी४चा अर्धा भाग शरीरातून जायला सात दिवस लागतात, म्हणून ते एकसारखं राहतं. दोन्ही दिल्यानं बरं वाटतं की नाही, यावर तज्ज्ञांचंच एकमत नाही. एंडोक्रायनॉलॉजिस्टच्या, म्हणजे संप्रेरकांच्या डॉक्टरांच्या नजरेखाली काही महिने करून बघतात, नाहीच उपयोग झाला तर थांबवतात. दुकानातून मागून घ्यायची गोष्ट नाही ही. वहिनी झोपेत घोरतात का, तेही बघा. श्वास अडकत असेल तर सकाळी उठल्यापासूनच अंग जड राहतं.

होटगीरोड
घोरते. हे कुणी विचारलंच नव्हतं. तरी टी३चा हट्ट मी सोडलेला नाही.

विडीघरकुल_लेक
बघा, नॉर्मल रिपोर्ट हातात असताना तुम्हीच एक प्रश्न विचारलात. मी कालपासून दुसरं काय म्हणायलेय?

नवीपेठ_औषधवाला
बरं. "कंटाळा" हा शब्द चुकीचाच होता, त्या ग्रुपवर तसं लिहून आलो. डोसबद्दल माझं मत तेच आहे. आणि ताई, गोळ्या डबीत ओतून ठेवू नका. ज्या बाटलीत येतात त्यातच, गॅसच्या फळीपासून लांब. ऊन आणि दमट हवा लागली की गोळीचा जोर कमी होतो.

विडीघरकुल_लेक
वेगळ्या केल्यात. थायरॉईडची बाटली आईच्या उशाशी, पाण्याच्या तांब्याजवळ. पाणी येणाऱ्या दिवशी आधी गोळी, मग घागरी, चहा तासाभरानं. कॅल्शियम रात्री जेवणानंतर. दोन महिन्यांनी टीएसएच १.९ आला. रक्त अजून १०वरच आहे, लोहाची गोळी दुपारी चालू आहे. मोजे मात्र या उन्हाळ्यात कपाटातून बाहेर निघाले नाहीत.

सम्राटचौक७७
मालदांडी भाऊ, पीठ कुठल्या गिरणीत मिळेल? आठ महिने झाले.