जुनी गाडी उभी राहिली म्हणून मरत नाही

मार्कटू_६८ (पुणे) | १२ मे २०२०

परवा इथल्या एका सदस्याने खडकवासला धरणावर उभ्या केलेल्या आपल्या १९६९च्या फियाट अकराशेचा फोटो टाकला. खाली लिहिलं होतं की पहाटे पाचला निघालो, सिंहगड रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, गाडी लोण्यासारखी पळाली. पुढे हेही, की जुनी गाडी आठवड्यातून एकदा पळवली नाही तर मरते, आणि मी माझी मरू देणार नाही. त्याखाली शंभरावर लोकांनी वाहवा केली. दोन दिवस गप्प बसलो, आज बसवत नाही.

माझ्याकडे १९६८ची अँबॅसिडर आहे, मार्क टू, वडिलांनी घेतलेली. तिच्या मागच्या सीटवर झोपून मी लहानपणी पंढरपूर, कोल्हापूर, गणपतीपुळे केलंय. २२ मार्चच्या जनता कर्फ्यूपासून ती पार्किंगमधून हललेली नाही. तेव्हा याला हौस काय कळणार, असं कोणी म्हणू नये.

पुणे कोरोनाच्या रेड झोनमध्ये आहे. ४ मेपासून संध्याकाळी ७ ते सकाळी ७ अत्यावश्यक कामाशिवाय बाहेर पडायला बंदी आहे. पहाटे पाच त्यातच येतात. पेठांमधल्या गल्ल्या पत्रे ठोकून बंद केल्या आहेत. शुक्रवारी करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. गावाकडे जायला वाहन नाही म्हणून ते चालत निघाले होते. आणि त्यानंतर दोनच दिवसांनी आपण गाडीला वारा लागावा म्हणून धरणावर जातो?

गाडी वाटेत बंद पडली असती तर? आपल्यापैकी एकाची तरी गाडी कधीच रस्त्यात बंद पडली नाही असं आहे का? गॅरेजं बंद, टोचन करायला माणूस नाही. कोणाला तरी घरातून उठवून बोलवावंच लागलं असतं.

आणि गाडी मरत नाही हो. बॅटरीचं टर्मिनल काढा, टायरमध्ये हवा जास्त भरून ठेवा, हँडब्रेक सोडून चाकाला विटा लावा. मी दर चार दिवसांनी दहा मिनिटं इंजिन सुरू ठेवतो. तेवढं पुरतं.

अकराशे_डिलाइट (पुणे)

नाव न घेता लिहिलंत, म्हणून मीच सांगतो, तो सदस्य मी.

वय ६७. एकटा राहतो. काचा वर करून निघालो, कोणाच्या जवळ गेलो नाही, कोणाशी बोललो नाही, दीड तासात घरी. माझ्यापासून कोणाला काय लागण होणार होती? ४ तारखेपासून दारूच्या दुकानांसमोर माणसं एकमेकांच्या अंगावर उभी आहेत, त्यावर तुमचा धागा दिसला नाही. एक म्हातारा स्वतःच्या गाडीत एकटा बसला तर तो मात्र समाजाचा शत्रू.

करमाडचं नाव घेऊन मला लाज वाटायला लावायची गरज नव्हती. ती बातमी वाचून मलाही जेवण गेलं नाही. मी घरी बसलो असतो तर ती माणसं वाचली असती का?

मार्कटू_६८

"कोणाच्या जवळ गेलो नाही", मग गाडी धरणावर उभी करून समोरून फोटो कोणी काढला? खाली उतरलात ना? तेच म्हणतोय. निघताना सगळेच म्हणतात की उतरणार नाही.

दारूच्या रांगा चूकच आहेत. म्हणून तुमची फेरी बरोबर ठरत नाही.

डुक्करफियाट (नाशिक)

मार्कटू साहेब, काका दोन मिनिटं उतरले असतील, त्यात एवढं काय? नियम गर्दीसाठी आहेत. पहाटे पाचला सिंहगड रस्त्यावर गर्दी कसली? नियमाचा हेतू बघायचा की नुसती अक्षरं?

बाकी गाडी सुरू करून ठेवायचं म्हणता ते शंभर टक्के बरोबर. माझे वडील तीस वर्षं हेच करत होते. दर रविवारी दहा मिनिटं. इंजिन आजही पहिल्या सेल्फला लागतं.

नाक्यावरची (पुणे)

मी इथे फक्त वाचते, आज लिहिते. माझा नवरा पोलिसात आहे. मार्चपासून नाकाबंदीवर. रात्रपाळी असते तेव्हा पहाटे पाचला रस्त्यावर जो उभा असतो तो हाच माणूस. तुमच्या फोटोत तो दिसत नाही, एवढंच.

एक गाडी थांबवली की कागद हातात घ्यावे लागतात. काच खाली होते, माणूस बोलतो, मास्क हनुवटीवर असतो. मग तो समजावत बसतो की मी सज्जन आहे, एकटा आहे, फक्त चक्कर मारायला निघालोय. सगळे एकटेच असतात. अशा तीस-चाळीस एकट्या माणसांशी बोलून माझा नवरा घरी येतो, जिन्यात कपडे काढतो आणि बादलीत टाकतो. मुलगी चार वर्षांची आहे. दीड महिना झाला, तिला त्याने उचललेलं नाही. ती दाराआडून बघते.

लागण कोणाला होणार होती असं विचारलंत ना, काका? त्याला.

मुळशीकर

ताई, तुमच्या यजमानांना नमस्कार.

विषय जुन्या गाड्यांचा निघालाच आहे तर आमच्या सोसायटीचं सांगतो. लॉकडाऊनचा मोका साधून कमिटीने नोटीस लावली की "वापरात नसलेली भंगार वाहने पंधरा दिवसांत हटवावीत". माझी १९७६ची गाडी भंगार! पासिंग आहे, पर्यावरण कर भरलेला आहे, विमा चालू आहे. हटवायची तर न्यायची कुठे, बाहेर तर संचारबंदी. आणि कव्हर काढून सुरू केली की तिसऱ्या मजल्यावरून धुराची तक्रार. या माणसाच्या दोन नव्या गाड्या पाहुण्यांच्या जागेत असतात, त्या कोणाला दिसत नाहीत. उभी ठेवली तर भंगार, सुरू केली तर प्रदूषण, बाहेर काढली तर गुन्हा. आम्ही करायचं तरी काय?

कोकणी_मिस्त्री (चिपळूण)

रस्त्यावर जावं की नाही यात मी पडत नाही. पण गाडीच्या नावाने वर जे लिहिलंय त्याने गाड्या खराब होतील, म्हणून लिहितो.

दहा मिनिटं सुरू करून बंद करणं म्हणजे गाडीला हळूहळू मारणं. इंजिन थंड असताना चोक ओढता, जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली चेंबरमध्ये उतरतं. पेट्रोल जळलं की पाणीही तयार होतं. इंजिन नीट तापलं तर ते वाफ होऊन बाहेर पडतं. दहा मिनिटांत तापमानाचा काटा वर येतो तो रेडिएटरमधल्या पाण्याचा. ऑइल तेवढ्यात तापत नाही. मग पेट्रोल जळून झालेलं ते पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये बसतं. सायलेन्सर आतून सडतो.

दुसरं, या गाड्यांना डायनॅमो आहे, आल्टरनेटर नाही. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी ठेवून नुसतं इंजिन चालवताना, डायनॅमो बॅटरी चार्ज करतच नाही. लाल दिवा पेटलेला दिसतो ना? म्हणजे सेल्फने बॅटरीतून जेवढं खाल्लं त्यातलं काही परत जात नाही. दर चार दिवसांनी तुम्ही बॅटरी रिकामी करताय.

एक तर नीट वीस-पंचवीस किलोमीटर चालवा, नाहीतर हातच लावू नका. मधलं काही नाही.

अकराशे_डिलाइट

मिस्त्री, हेच मी सांगत होतो! माझी फेरी पस्तीस किलोमीटरची होती.

मार्कटू_६८

मिस्त्रींनी दोन पर्याय दिलेत. तुम्ही एकच वाचलात.

डुक्करफियाट

मिस्त्री, राग मानू नका, पण हे सगळं पुस्तकातलं आहे. तीस वर्षं वडिलांनी केलं, गाडी धडधाकट आहे. मग तुमचं पाणी गेलं कुठे?

कोकणी_मिस्त्री

पुस्तक नाही दादा, तेवीस वर्षं हात काळे केलेत. तुमचे वडील दर रविवारी सुरू करत होते आणि मधल्या सहा दिवसांत गाडी वापरतही होते. ऑफिसला जात असतील, भाजीला जात असतील. पाणी त्यात उडून गेलं. पन्नास दिवस एका जागी उभी आहे का कधी?

आता बोलतोच आहे तर सगळंच बोलतो. इथे सगळे गाडी मरेल म्हणून रडताय. माझं गॅरेज मार्चपासून बंद आहे. दोन पोरं कामाला होती, एक गावाला गेला, एकाला अर्धा पगार देतोय. ट्रकवाल्यांसाठी हायवेवरच्या दुकानांना परवानगी आली, आम्ही गावात आहोत, आम्हाला नाही. जुन्या गाडीचं काम करणारे किती उरलेत? पॉइंटचं अंतर बोटाने ओळखणारा माणूस उद्या वडापाव विकायला लागला तर तुमची गाडी जिवंत ठेवून उपयोग काय? पन्नास दिवसांत एका गिऱ्हाइकाचा फोन आला, तोही ए.सी. पंपाचा, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा, डायफ्राम आहे का विचारायला.

मार्कटू_६८

मिस्त्री, तुमचं वाचून खाली गेलो. बॅटरीला मल्टिमीटर लावला. ११.९ व्होल्ट, म्हणजे उतरलेली.

इंजिन सुरू करून बघितलं तर खरंच लाल दिवा विझत नाही. इतके आठवडे मी तो बघत होतो आणि मनाशी म्हणत होतो, जरा वेळ लागतोय. चार्जर शेजाऱ्याकडून आणून लावलाय. चूक माझी होती, वर लिहिलेली शेवटची दोन वाक्यं रद्द समजावीत. बाकी मजकूर कायम आहे.

डायफ्रामसाठी फोन करणाऱ्यांत मी नव्हतो, पण फोन न करणाऱ्यांत होतो. तुम्ही माझ्या गाडीचं हेड उघडलंत त्याला सहा वर्षं झाली. संध्याकाळी फोन करतो.

पद्मिनी_८६ (डोंबिवली)

दोन्ही बाजू वाचल्या. माझी गोष्ट वेगळी आहे.

शेजारच्या काकूंना आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागतं. लोकल बंद, रिक्षा बंद, रुग्णवाहिका दर वेळी मिळेना. काकूंच्या मुलाची नवी कोरी गाडी खाली उभी होती, ती सुरूच होईना. तीन आठवडे उभी, अलार्म आणि इतर इलेक्ट्रॉनिक्सने बॅटरी पिऊन टाकलेली. सेंट्रल लॉकही उघडेना. माझ्या पद्मिनीचं टर्मिनल मी काढून ठेवलं होतं. लावलं, चोक ओढला, तिसऱ्या सेल्फला लागली. त्या दिवसापासून काकूंना मीच नेते-आणते. नाक्यावर डायलिसिसचं कार्ड दाखवलं की सोडतात. एकदा एका हवालदारांनी स्वतः बॅरिकेड सरकवून दिलं.

जिला नातेवाईक गेली दहा वर्षं "विकून टाक ते खटारं" म्हणत होते, तीच ही गाडी.

डुक्करफियाट

बघा! जुनी गाडी चालू ठेवणं ही नुसती हौस नाही. काकांनी गाडी फिरवून तयार ठेवली होती, उद्या कोणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर?

मार्कटू_६८

अहो, ताईंनी काय लिहिलंय ते वाचा. गाडी फिरवून नाही, टर्मिनल काढून तयार ठेवली होती.

पद्मिनी_८६

माझी गोष्ट दोघांनीही आपल्या बाजूला ओढू नका. गाडीला काही होऊ नये म्हणून मी एकदाही बाहेर पडले नाही. आणि हेही खरं, की आठवड्याला तीन फेऱ्या होतात म्हणूनच ती इतकी छान चालतेय. दोन्ही खरं आहे. काकूंना सोडून परत येताना रस्ता मोकळा असतो, तेव्हा मलाही सरळ पुढे निघून जावंसं वाटतं. अकराशे काकांचा राग मला येत नाही. पण मी घरीच येते.

अकराशे_डिलाइट

दोन दिवस लिहिलं नाही. फोटो कोणी काढला असं मार्कटूंनी विचारलं होतं. धरणावर फिरायला आलेला एक मुलगा होता, त्याच्या हातात माझा फोन दिला. परत घेतला आणि पुसलाही नाही. हे मी वर लिहायचं टाळलं.

का गेलो तेही सांगतो. १० मे आमच्या लग्नाची तारीख. ही गेल्याला तीन वर्षं झाली. दर वर्षी त्या दिवशी आम्ही याच गाडीने धरणावर जायचो, कणीस खायचो आणि परत यायचो. गाडी मरते वगैरे लिहिलं, कारण खरं कारण लिहायला संकोच वाटला. मार्कटूंना आता बरं वाटलं असेल.

ताई, रविवारी मी निघणार नाही. हे तुमच्या यजमानांसाठी आहे. मार्कटूंच्या भाषणाने माझ्यावर काही परिणाम झालेला नाही.

मार्कटू_६८

मला बरं वाटलेलं नाही. तारखेचं माहीत असतं तर तुमच्या फोटोवर लिहिलं नसतं. फेरी चूक होती हे मत मात्र बदललेलं नाही.

नाक्यावरची

काका, वाचलं. पुढच्या वर्षी दहा मेला जा. यांना सांगून ठेवीन.

अकराशे_डिलाइट

मिस्त्री, आता गाडी उभीच राहणार आणि पाऊस तीन आठवड्यांवर आला. टाकी भरून ठेवू की रिकामी? आणि क्लच प्लेट चिकटू नये म्हणून पेडल दाबून त्याला काठी लावून ठेवतात, ते करू का?

कोकणी_मिस्त्री

टाकी भरून ठेवा. रिकाम्या टाकीत हवा राहते, हवेतलं पाणी पत्र्याला लागतं आणि गंज थेट कार्बोरेटरमध्ये उतरतो. कार्बोरेटर मात्र रिकामा करा, नाहीतर जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकांत, डिंक बसेल. काठी लावू नका, स्प्रिंग दमते. त्यापेक्षा प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा आणि चौथ्या गिअरमध्ये टाकून गाडी हातभर पुढे-मागे ढकला. इंजिन फिरतं, टायरचीही जागा बदलते.

डुक्करफियाट

टाकी रिकामीच ठेवा काका! हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते स्वतःच पाणी ओढतं. तीन महिने भरलेली टाकी म्हणजे तळाशी पाणी ठरलेलं. आणि काठीने स्प्रिंग दमते हे मला कोणी दाखवून द्यावं. आमच्याकडे चार पावसाळे काठी लावली आहे.

कोकणी_मिस्त्री

नाशिकचा पाऊस आणि चिपळूणचा पाऊस यात फरक आहे दादा. तुमची चार वर्षं काठी लावलेली क्लच प्लेट उघडलीय का कधी? उघडा, फोटो टाका, मग बोलू.