बँकॉक एका दिवसात: देवळं, जुना बाजार, रस्त्यावरचं खाणं. टूर एक घ्यावी की दोन?

दप्तरदिरंगाई (प्रश्न)

नोव्हेंबरात चौघं बँकॉकला जातोय. दोघं पासष्टीच्या पुढची, त्यातल्या एकींचे गुडघे कुरकुरतात आणि त्या शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. उरलेल्यांना गोमांस सोडून काहीही चालतं. शहरासाठी पूर्ण असा एकच दिवस हातात आहे. एका टूरचा कार्यक्रम असा: सकाळी ८ ला हॉटेलातून उचलणार, फ्लोटिंग मार्केट, ग्रँड पॅलेस, वाट फो, वाट अरुण ('वाट' म्हणजे देऊळ), मग चायनाटाउनात खाणं, रात्री ८ ला परत. भाव मोहात पाडणारा आहे.

१. हे एवढं एका दिवसात खरंच होतं का?
२. शाकाहारी माणसाला फूड वॉकमध्ये पैसे भरण्याजोगं काही मिळतं, की भात आणि फळांवर वेळ मारून न्यावी लागते?
३. मराठी नाही तर निदान हिंदी बोलणारा गाइड मिळेल का?

---

गल्लीबोळ

फ्लोटिंग मार्केट आधी खोडून टाका. टूरवाले बहुधा नेतात ते दमनोएन सदुआक शहरात नाहीच, शंभरेक किलोमीटर लांब आहे. येण्याजाण्यातच तीन-चार तास जातात, आणि तिथली खरी वर्दळ सकाळची. देवळंही सकाळीच बघायची असतात. दोन्ही एका दिवसात कोंबायचं म्हटलं की कुठेतरी कात्री लागणार, आणि ती बहुतेक वेळा वाट फोला लागते. पंधरा मिनिटांत झोपलेल्या बुद्धाचा फोटो काढा आणि चला गाडीत.

बारा तासांची एक टूर घेऊ नका, दोन अर्ध्या घ्या. सकाळी देवळं आणि इतिहास, चार तास. संध्याकाळी बाजार आणि खाणं, तीन-साडेतीन तास. मधली दुपार मोकळी. पासष्टीच्या माणसांना दुपारी एक ते साडेतीन एसीत पाठ टेकता आली तर संध्याकाळ हाती लागते, नाहीतर सातच्या सुमारास सगळ्यांचीच चिडचिड सुरू होते.

सकाळ अशी बसवा:

सव्वाआठला ना फ्रा लान रस्त्यावरच्या दारापाशी पोचा. ग्रँड पॅलेसचं पर्यटकांचं प्रवेशद्वार हेच. साडेआठला उघडतं आणि दुपारी साडेतीनला तिकीटविक्री बंद होते. तासाभरातच मोठ्या बसगाड्यांचे जथे येऊन थडकतात, म्हणून हा पहिला तास सोन्याचा. आत दोन तास धरा. साडेदहा-पावणेअकराला चालत वाट फो, तिथे एक तास. मग शेजारच्या था तिएन धक्क्यावरून पाच बाटच्या होडीने पलीकडे वाट अरुण. एक वाजेपर्यंत मोकळे.

तिकिटं परदेशी माणसाला ५००, ३०० आणि २०० बाट. माणशी हजार, चौघांचे चार हजार. स्वस्त टूरच्या भावात ही रक्कम बहुधा धरलेली नसते, त्यामुळे 'प्रवेशशुल्क वेगळे' ही ओळ बारीक अक्षरात आहे का ते आधी बघा. राजघराण्याचा विधी असेल तर पॅलेसचा काही भाग किंवा सगळाच बंद असतो. आदल्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्या, रस्त्यावरच्या कोणाला विचारू नका. 'आज पॅलेस बंद आहे, वीस बाटमध्ये दुसरी देवळं दाखवतो' हा दाराबाहेरचा सर्वांत जुना सापळा आहे. त्या टुकटुकचा शेवट रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात होतो.

कपड्यांचं: खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. पॅलेसमध्ये घट्ट लेगिंग्ज आणि पुरुषांच्या थ्री-फोर्थसुद्धा अडवतात. बिनबाह्यांच्या कपड्यावर ओढणी घेतली की झालं असं समजू नका, दारावर ते चालेलच असं नाही. सलवार-कमीज सगळ्यांत सोयीचा. साडी चालते, ब्लाउजला बाह्या हव्यात. पायात पटकन काढता येईल असं काहीतरी, आणि पिशवीत मोजे. अकरानंतर उन्हातली फरशी अनवाणी पायांना चटके देते.

गुडघ्यांचं: वाट अरुणच्या मधल्या मनोऱ्याच्या पायऱ्या उंच आणि अरुंद आहेत, चढण्यापेक्षा उतरणं अवघड. वरपर्यंत कोणालाच सोडत नाहीत, मधल्या गच्चीपर्यंतच. ज्यांना जमत नाही त्यांनी खाली थांबलं तरी चालेल. चिनी मातीच्या बश्यांचे तुकडे बसवून केलेली फुलं खालच्या थरातच डोळ्यांच्या पातळीवर दिसतात.

---

टाकभात

गल्लीबोळ यांच्याशी बाकी सहमत, पण वाट अरुण सकाळच्या टूरमधून काढावं असं माझं मत. बाराच्या उन्हात भाड्याचे थाई पोशाख घालून फोटो काढणाऱ्यांची तिथे रीघ असते आणि सावली कमी. त्यापेक्षा वाट फो निवांत दीड तास बघा. झोपलेला बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच आहे, पण सगळे डोक्याकडूनच फोटो काढून सटकतात. तळव्यांपाशी थांबा. शिंपल्याच्या जडावात १०८ मंगलचिन्हं आहेत, चक्र मधोमध. पाठीमागच्या बाजूला १०८ पितळी-काशाच्या वाट्या ओळीने ठेवल्यात, २० बाट देऊन सुटी नाणी घ्यायची आणि एकेक टाकत जायचं. बाहेरच्या बागेत आसनं करणाऱ्या ऋषींचे छोटे पुतळे आहेत. योग करणाऱ्या माणसाला तिथे करमणूक आहे, काही आसनं ओळखीची वाटतील, काही अजिबात नाही.

वाट अरुण मग संध्याकाळी अलीकडच्या काठावरून बघा. नोव्हेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि तो त्या मनोऱ्याच्या मागेच.

---

गल्लीबोळ

@टाकभात: दोन्ही धरून चालणाऱ्याला संध्याकाळ आखडती घ्यावी लागेल. पावणेसहाला नदीकाठी उभं राहिलात तर साम्फेंगचा बाजार गेला, कारण तिथली दुकानं पाचच्या आसपास शटर ओढायला लागतात. सूर्यास्त की बाजार, एक निवडा. मी बाजार म्हणेन.

संध्याकाळचा मार्ग लिहितो. साडेतीनला एमआरटी या मेट्रोच्या सनाम चाय स्टेशनवर भेटा. तिथून पाक ख्लोंग तलात हा फुलबाजार चालत जवळ आहे. चोवीस तास चालतो. झेंडूचे ढीग बघून दसऱ्याच्या आदल्या दिवशीच्या दादर फुलबाजाराची आठवण येईल, पण हारांकडे नीट बघा: मोगऱ्याच्या कळ्यांमध्ये जी पांढरी-जांभळट, मेणासारखी फुलं ओवलेली असतात ती रुईची. आपल्याकडे शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात, तिथे त्याच झाडाची फुलं बुद्धाच्या हारात.

तिथून दहा मिनिटांवर पाहुरात, म्हणजे तिथला भारतीय मोहल्ला. सोनेरी घुमटाचा गुरुद्वारा, कापडाची दुकानं आणि शाकाहारी जेवण. पुढे साम्फेंग, म्हणजे हात पसरले तर दोन्हीकडची दुकानं लागतील अशी बोळ, त्यातूनच हातगाड्या आणि मोटरसायकली. इथे आठाहून मोठ्या गटाचं शेपूट तुटतं आणि गाइडचा आवाज पोचत नाही, म्हणून टूर घेताना गटाची कमाल संख्या विचारा. साम्फेंगला समांतरच यावरात, म्हणजे चायनाटाउनचा मुख्य रस्ता. सहाला तिथे पोचायचं, परतताना वाट मंगकोन स्टेशन. सगळं मिळून अडीच-तीन किलोमीटर चाल, तीही थांबत थांबत.

चांगला गाइड सकाळ आणि संध्याकाळ एकमेकांना जोडून सांगतो. १७६७ मध्ये जुनी राजधानी अयुथ्थया पडली, ताक्सिन राजाने नदीच्या पश्चिमेला थोनबुरीला राजधानी केली. १७८२ मध्ये पहिला राम हा राजा पूर्व काठावर आला. पॅलेससाठी जी जागा त्याने घेतली तिथे चिनी व्यापाऱ्यांची वस्ती होती, तिला खाली साम्फेंगला हलवलं. म्हणजे सकाळी ज्या जागेवर तुम्ही पाचशे बाटचं तिकीट काढता तिथल्या मूळ रहिवाशांच्या पेठेत तुम्ही संध्याकाळी नूडल्स खाता. हे ज्या गाइडला सांगता येत नाही त्याची टूर म्हणजे नुसती बससेवा.

---

हिंगपूड

शाकाहाराचं उत्तर मी देतो. मिळतं, पण आधी कळवलं तरच. टूरच्या अर्जात 'व्हेजिटेरियन' एवढं लिहून भागत नाही, कारण बरेच जण मांसाचे तुकडे नाहीत म्हणजे शाकाहारी असं धरतात. नेमकं लिहा: मांस, मासे, अंडं, फिश सॉस, ऑयस्टर सॉस, कोळंबीची पेस्ट नको.

घोळ कुठे होतो ते असं:

पॅड थाय, परतलेल्या नूडल्स: 'नो मीट' म्हटलं तरी चटणीत नाम प्ला म्हणजे माशाचं पाणी असतं, वरून सुकट कोळंबी आणि अंडं.
सोम ताम, कच्च्या पपईचं: सुकट आणि नाम प्ला. वगळून करून मागितलं तरी खल तोच, ज्यात आधीच्या गिऱ्हाइकाचे खारवलेले खेकडे कुटलेले असतात. खल धुऊन घ्यायला सांगावं लागतं.
हिरवी-लाल करी: वाटणातच कोळंबीची पेस्ट. ती ऐन वेळी काढता येत नाही, म्हणून भाज्यांची करी दिसली तरी सोडा.
नूडल सूप: वर फक्त टोफू असला तरी खालचं पाणी हाडांचं.

सुटका 'जे' या शब्दात आहे. पिवळ्या झेंडीवर लाल अक्षरं, आपल्याला ती इंग्रजी आकड्यांतल्या सतरासारखी दिसतात. ही चिनी-थाई बौद्धांची व्रताच्या जेवणाची पद्धत: मांस-मासे, अंडी, दूध काहीच नाही, आणि कांदा-लसूणही नाही. जैन मंडळींनी मात्र कंदमुळांचं वेगळं विचारावं, मुळा आणि बटाटा 'जे'मध्ये चालतो. 'किन जे' एवढं म्हटलं तरी गाडीवाला लगेच हो किंवा नाही सांगतो. सविस्तर यादी थाई लिपीत फोनवर ठेवा. उच्चार करायच्या भानगडीत पडू नका, अंडं आणि कोंबडी हे शब्द आपल्या कानाला जवळजवळ सारखेच लागतात.

गोडात त्यांची चैन आहे. खनोम क्रोक शोधा. जाड लोखंडी तवा, त्यात अर्धगोल खळगे, म्हणजे आपलं आप्पेपात्रच. तांदळाचं पातळ पीठ ओतून आधी कडा धरू देतात, मग वर नारळाचं दाट, किंचित खारट-गोड दूध, कुठे मका कुठे कांद्याची पात, आणि झाकण. दोन-तीन मिनिटांनी चमच्याने कडेकडेने सोडवून दोन अर्धगोल एकमेकांवर ठेवतात. खालून कुरकुरीत, आत जवळजवळ वाहतं. घाईने तोंडात टाकलं तर टाळू भाजते. कांद्याची पात नको असेल तर मक्याचं मागा.

आंबा आणि चिकट भात शाकाहारीच: वाफवलेल्या भातात नारळाचं दूध, साखर, मीठ, वर तळलेली मूगडाळ. नोव्हेंबर हा आंब्याचा भर हंगाम नव्हे (तो मार्च ते मे), तरी मिळतो. नारळाचं दूध उष्म्यात आंबतं, म्हणून जिथे डबे भराभर संपताहेत तिथूनच घ्या. खनोम बुआंग दिसायला घडी घातलेल्या इवल्याशा डोशासारखं मोहक असतं, पण त्याच्या पांढऱ्या क्रीममध्ये सहसा अंडं आणि वरच्या सोनेरी शेवयाही अंड्याच्या बलकाच्या. काकूंनी ते टाळावं.

बाकी तिघांनी मांसाहारी गाड्यांना भिऊ नये, यावरातवर डुक्कर आणि समुद्री मासळीच जास्त. गोमांसाला 'नुआ' म्हणतात, तेवढं 'माय आओ नुआ' पाठ करा.

---

वहीखाते

गाइडबद्दल. थायलंडमध्ये गाइडचा व्यवसाय कायद्याने थाई नागरिकांसाठी राखीव आहे आणि परवाना लागतो. तो ओळखपत्रासारखा गळ्यात असतो, बघायला मागितलं तर कोणी रागावत नाही. म्हणजे भारतातून ग्रुपबरोबर आलेला मराठी टूर मॅनेजर तुमच्या जेवणाखाण्याची सोय बघेल, पण पॅलेसमध्ये उभं राहून माहिती सांगणं त्याचं काम नाही. हिंदी बोलणारे थाई गाइड आहेत, पण मोजके. खासगी टूरसाठी लवकर मागणी नोंदवा आणि आधी फोनवर पाच मिनिटं बोलून घ्या. 'हिंदी येतं' याचा अर्थ कधी कधी 'नमस्ते' आणि 'जल्दी चलो' एवढाच निघतो. चांगलं इंग्रजी बोलणारा गाइड त्याहून केव्हाही बरा.

भाव मोहात पाडणारा आहे असं लिहिलंय, तर हे चार प्रश्न विचारून उत्तर लेखी घ्या: दुकानाचे थांबे किती? तिकिटं धरून की सोडून? खाण्याचे किती पदार्थ भावात आहेत? आणि शाकाहारी माणसाला त्याऐवजी नेमकं काय? पहिल्या प्रश्नाला 'जेम गॅलरी, फक्त वीस मिनिटं' असं उत्तर आलं की स्वस्ताईचं कोडं सुटलं. तो फरक दुकानदार भरतो.

---

दप्तरदिरंगाई

सगळ्यांचे आभार. बारा तासांची टूर रद्द. सकाळी खासगी गाइड, संध्याकाळी लहान गटाचा फूड वॉक असं ठरतंय. पॅलेसमध्ये रामायणाची चित्रं आहेत म्हणतात, ती दोन तासांत बसतात का? वयस्कर मंडळींना खरा रस त्यातच आहे.

---

टाकभात

बसतात, गाइडला आधीच सांगितलं तर. पॅलेसच्या आवारातलं पाचूच्या बुद्धाचं देऊळ म्हणजे वाट फ्रा केओ, त्याच्या भोवतीच्या ओवरीत १७८ चित्रचौकटी आहेत. सुरुवात उत्तरेच्या दाराजवळून, जनक नांगरताना सीता सापडते तिथून, आणि प्रदक्षिणेच्या दिशेने कथा पुढे जाते. बहुतेक टूर आत शिरल्यावर जी भिंत समोर येते तीच दाखवतात, म्हणजे कथा मधूनच. सगळ्या चौकटी बघणं शक्य नाही. पहिल्या दहा, लंकेचा सेतू आणि कुंभकर्णाचं युद्ध एवढं मागा.

रावण तिथे तोसाकन, म्हणजे दशकंठ. दारावरच्या राक्षसांतला हिरवा तो. हनुमान पांढरा आणि ब्रह्मचारी मुळीच नाही: सेतूचे दगड पळवणाऱ्या मत्स्यकन्येशी त्याचं जमतं, आणि ती रावणाचीच मुलगी. मंडळींना आधी कल्पना द्या, नाहीतर तिथेच वाद सुरू होईल. ओवरीत सावली असते, फोटो चालतात. पाचूच्या बुद्धाच्या गाभाऱ्यात मात्र फोटो नाही, आणि बसताना पाय मूर्तीकडे करायचे नाहीत. मूर्ती जेमतेम ६६ सेंटिमीटरची आणि बरीच उंचावर आहे, तेव्हा चष्मा विसरू नका.

---

हिंगपूड

एक राहिलं: वार कोणता? सोमवार असेल तर संध्याकाळचा भाग बदला. यावरातच्या बऱ्याच गाड्या सोमवारी लागत नाहीत, आणि फूड वॉकवाले उरलेल्या दुकानांत फिरवून पूर्ण पैसे घेतात. शिवाय २० आणि १०० च्या नोटा जवळ ठेवा, हजारची नोट पुढे केली की खनोम क्रोकवाली आधी तुमच्याकडे आणि मग शेजारच्या गाडीकडे बघते.