शब्द गिटारींच्या मागे लपले, तर अल्बम ऐकावा तरी कसा?

धरमपेठकर (प्रश्न)

गेल्या काही महिन्यांत इंडी (म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेरच्या स्वतंत्र बँडांच्या) पॉप आणि रॉकमधले तीन अल्बम प्रथमच पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत सलग ऐकले. त्यांपैकी दोन समजले, तिसरा आवडूनही पचला नाही, म्हणून जाणकारांचे मत हवे आहे.

पहिला दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा ‘बिस्मिल्ला’ (२०१९). सूर्यकांत साहनी यांचा भरदार, किंचित सुस्तावलेला आवाज आणि अधूनमधून डोके वर काढणारी ट्रम्पेट यांमुळे मैफल लगेच जमते; ‘मेमरी बॉक्स’ तर ८ मिनिटांच्या आसपास चालते आणि तरीही लांबल्यासारखे वाटत नाही. दुसरा कोलकात्याच्या पारेख अँड सिंग या जोडीचा ‘ओशन’ (२०१६). चाली गोड आहेत, वाद्यमेळ नेटका आहे, पण हे दोघे व्हिडिओत जसे टापटीप सूट घालून वावरतात, तशीच त्यांची गाणीही मला जरा जास्तच इस्त्री केलेली वाटली.

खरी अडचण तिसऱ्याची, म्हणजे कॅनडाच्या ऑलवेज या बँडच्या ‘ब्लू रेव्ह’ची (२०२२). मॉली रँकिन यांचा गळा निर्मळ आहे, चाली सहज ओठांवर बसतात, परंतु गिटारींचा असा काही गलबला त्यांच्यावर लोटलेला असतो की निम्मे शब्द हाती लागत नाहीत. नाट्यगीते आणि भावगीते ऐकत वाढलेल्या माझ्या कानाला हे खटकते. आपल्या नागपूरच्या देशपांडे सभागृहातल्या कार्यक्रमात वाद्यांनी गायकाला झाकले, तर मागच्या रांगेतून लगेच ओरड होते. येथे मात्र त्याच गोष्टीचे कौतुक होताना दिसते. हा ध्वनिमुद्रणाचा दोष समजावा की हेतू? आणि हेतू असेल, तर ऐकणाऱ्याने नेमके काय धरून ऐकावे?

सदरचा गिटारवाला

दादा, हा हेतूच आहे, आणि त्यामागे ३० वर्षांहून जुनी परंपरा आहे. माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडचा ‘लव्हलेस’ हा अल्बम १९९१ मध्ये आला. त्यात त्यांचे गिटारवादक केव्हिन शील्ड्स गिटारची ट्रेमोलोची (तारांचा ताण कमीजास्त करणारी) दांडी हातात धरूनच तारा छेडतात, त्यामुळे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, एका जागी स्थिर न राहता सुराच्या खाली-वर झुलत राहते, आणि गाणाऱ्यांचा आवाज मुद्दाम त्या झुलण्याच्या आत नेऊन ठेवलेला आहे. तेथे गायक वाद्यांच्या पुढे उभा नसतो. ‘ब्लू रेव्ह’ने ही तऱ्हा उचलली, पण तिच्याखाली बांधीव आणि चटकन लक्षात राहणारी चाल ठेवली, हा त्याचा विशेष.

तो सलग ऐकलात हेही उत्तम केलेत. ऑलवेजचा आधीचा अल्बम ‘अँटिसोशलाइट्स’ २०१७ चा. मधल्या काळात घरातून कच्ची ध्वनिमुद्रणे चोरीला गेली, तळघरात पाणी शिरून वाद्ये थोडक्यात वाचली. अखेर मुहूर्त लागला तेव्हा निर्माते शॉन एव्हरेट यांनी बँडला स्टुडिओत अख्खा अल्बम ओळीने दोनदा वाजवायला लावला, तोही दोन गाण्यांमध्ये केवळ १५ सेकंदांची उसंत देऊन. १४ गाणी असूनही ४० मिनिटांच्या आत संपणाऱ्या या अल्बमचा एकसंध दम त्या वाजवण्यातून आलेला आहे, असे माझे मत.

काय धरावे म्हणाल, तर ‘फार्मसिस्ट’च्या शेवटी गिटार जेथे गायिकेच्या हातून गाणे काढून घेते, ती जागा धरा. मग ‘बेलिंडा सेज’ घ्या आणि त्याचे शब्द आधी वाचून काढा. खेड्यात राहायला जाऊन मूल वाढवायला निघालेल्या एका तरुणीची ती गोष्ट आहे, आणि शेवटाकडे पट्टी अचानक चढते तेव्हा शब्द न कळताही तिने मन घट्ट केल्याचे कळते.

मनीषनगर

एक व्यावहारिक सूचना. मे महिन्यात कूलर सुरू असताना स्पीकरवर यांतले काहीही ऐकू नये. कूलरच्या घरघरीत ‘ओशन’ जवळजवळ नाहीसा होतो आणि ‘ब्लू रेव्ह’ म्हणजे दुसरा कूलर वाटतो. कानात घट्ट बसणारे इअरफोन लावा, आवाज बेताचा ठेवा, आणि मग तक्रार किती उरते ते पाहा.

रामदासपेठची वाचक

गिटारवाल्यांचे विवेचन पटले, पण ‘शब्द आधी वाचून काढा’ ही अट मला मान्य नाही. गाणे ऐकताना पाठ्यपुस्तक उघडावे लागत असेल, तर श्रोत्याने तक्रार का करू नये? इंडी पॉपमध्येच याच्या अगदी उलट वळणाचा अल्बम आहे, तो म्हणजे ग्लासगोच्या बेल अँड सेबॅस्टियन यांचा ‘इफ यू आर फीलिंग सिनिस्टर’ (१९९६). त्याच वर्षी त्यांचा पहिला अल्बम ‘टायगरमिल्क’ एका महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून निघाला होता, त्याच्या अवघ्या १,००० तबकड्या काढल्या होत्या. ‘सिनिस्टर’मधले पहिले गाणे स्टुअर्ट मरडॉक जवळजवळ कुजबुजत सुरू करतात, मग एकेक वाद्य येत जाते आणि अखेरीस सगळा बँड जोरात वाजू लागतो, तरीही ओळ कोठे बुडत नाही. भावगीतावर वाढलेल्या श्रोत्याने प्रवेश येथून करावा. ‘ओशन’ला मात्र तुम्ही फार लवकर निकालात काढलेत, पुन्हा ऐकताना जिवराज सिंग यांच्या ड्रम्सकडे लक्ष द्या, तेथे इस्त्री मोडलेली सापडेल.

सदरचा गिटारवाला

ताई, ‘सिनिस्टर’ मान्य. दोहोंच्या मधली वाट हवी असेल, तर स्लोडाइव्ह यांचा बँडच्याच नावाचा २०१७ चा अल्बम घ्यावा. १९९५ च्या ‘पिग्मॅलियन’नंतर तब्बल २२ वर्षांनी आलेल्या या अल्बमात गिटारींचे धुके तेच आहे, पण ‘शुगर फॉर द पिल’मध्ये नील हॉलस्टेड यांचा आवाज पुढे आणून ठेवला आहे आणि शब्द कानावर पडतात. दादा, त्यातही मन रमले नाही, तर हा प्रकार आपल्यासाठी नाही असे खुशाल समजा आणि ‘बिस्मिल्ला’ लावा.