मदत हवी आहे: डीग्रॅडएफपी, जीएफपी गेलं पण पंख एकदम नॉर्मल!

मंडळी, इथे कोणी ड्रोसोफिलावर (फळमाशीवर) काम करतं का? एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे. आरएनएआयने (जीनचा आरएनए संदेश नष्ट करण्याची पद्धत) नवीन प्रोटीन बनणं थांबतं पण आधीच बनून बसलेलं तसंच राहतं, म्हणून गाईडने २०१२ च्या पेपरमधलं डीग्रॅडएफपी करायला सांगितलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, उंटाच्या जातीतल्या प्राण्यांच्या अँटिबॉडीचा छोटासा तुकडा, म्हणजे नॅनोबॉडी, जीएफपीला (हिरवं चमकणारं प्रोटीन, आपल्या प्रोटीनला टॅग म्हणून जोडतात) पकडतो (आख्खी अँटिबॉडी पेशीच्या आत सहसा नीट घडीच होत नाही) आणि त्याला माशीच्याच स्लिंब प्रोटीनचा एफ-बॉक्स जोडलेला असतो, त्यामुळे पकडलेलं प्रोटीन प्रोटिअसोममध्ये, म्हणजे पेशीच्या प्रोटीन तोडणाऱ्या यंत्रणेत, जातं.

तर माझ्या जीनची जीएफपी ट्रॅप लाईन आहे (त्या जीनच्या प्रोटीनलाच जीएफपी जोडलेल्या माशा), होमोझायगस, म्हणजे दोन्ही कॉपी जीएफपीवाल्या असल्या तरी जगते. यूएएस डीग्रॅडएफपी (गॅल४ असेल तिथेच चालू होणारं) तिसऱ्या क्रोमोसोमवर, ड्रायव्हर एनग्रेल्ड-गॅल४, म्हणजे फक्त मागच्या भागात चालणारा. क्रॉस २९ डिग्रीला ठेवला. विंग डिस्क (अळीतला, पुढे पंख होणारा भाग) बघितली तर पुढचा अर्धा भाग हिरवागार, मागचा काळा, मधली सीमा अगदी रेघ मारल्यासारखी. इतकं छान चाललंय असं वाटलं, आणि बाहेर पडलेल्या माशांचे पंख बघितले तर मागच्या भागातल्या शिरा, क्रॉसव्हेन, सगळं जागच्या जागी!! जीन काही करतच नाही की काय? पण म्युटंट तर मरतो...

प्रतिसाद
क्रॉसमध्ये जीएफपीची एकच कॉपी ना? मग दुसरी बिनटॅगची कॉपी मजेत काम करतेय, नॅनोबॉडीला ती दिसतच नाही. जीएफपी/जीएफपी करावं लागेल.

धागाकर्ती
हो, पण जीन पण दुसऱ्या क्रोमोसोमवर आणि एनग्रेल्ड-गॅल४ पण दुसऱ्यावर. रिकॉम्बाईन करत (दोन्ही एकाच क्रोमोसोमवर आणत) बसू का आता? सबमिशन जवळ आलंय हो.

प्रतिसाद
कशाला, हेजहॉग-गॅल४ घे, तोही मागच्याच भागात चालतो आणि तिसऱ्यावर आहे. एका बाजूने जीएफपी/जीएफपी, यूएएस/यूएएस, दुसऱ्या बाजूने जीएफपी/जीएफपी, हेजहॉग-गॅल४/टीएम६बी. डिस्क काढताना बुटक्या अळ्या सोडून लांब घे, बुटक्यांत बॅलन्सर (टीएम६बी, म्हणजे हेजहॉग-गॅल४ नसलेलं क्रोमोसोम) असतो. प्युपातच मेल्या तर गॅल८०टीएस (थंडीत गॅल४ बंद ठेवणारं) घाल, १८ ला वाढव आणि उशिरा २९ ला टाक. आणि नुसत्या नॅनोबॉडीचा, एफ-बॉक्स नसलेला कंट्रोल ठेवच, नाहीतर व्हायव्हात पहिला प्रश्न तोच येणार.

धागाकर्ती
हेजहॉग-गॅल४ शेजारच्या लॅबमध्ये आहे, उद्याच व्हायल मागते. कंट्रोलची लाईन कोणाकडे असेल तर व्यनि करा प्लीज.