सोळा तास उपाशी राहिल्याने आयुष्य खरोखर वाढते का?

कृष्णाकाठ

माझे वय ५४ असून माझे यजमान ६१ वर्षांचे आहेत. त्यांना मधुमेह आहे आणि ते मेटफॉर्मिनच्या जोडीने ग्लिमेपिराइडची गोळी सकाळी नाश्त्याआधी घेतात. आमच्या सोसायटीत सध्या सोळा तास उपाशी राहून उरलेल्या आठ तासांत खाणेपिणे आटोपण्याची पद्धत बरीच पसरली आहे. त्यामुळे पेशींची आतून साफसफाई होते, म्हातारपण लांबते आणि या शोधाला नोबेलही मिळाले आहे, असे सगळे ठामपणे सांगतात. वजन थोडे उतरले तर मला हवेच आहे, पण आयुष्य वाढते हा दावा कितपत खरा मानावा? शिवाय मी लग्नापासून एकादशी आणि संकष्टी करते, तो उपवास यात धरता येईल का? यजमानांनी हे सुरू करावे की नाही, याबद्दलही जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

अनुस्वार

नोबेलची गोष्ट खरी आहे, परंतु ते सोळा तासांच्या उपवासाला मिळालेले नाही. २०१६ साली जपानचे योशिनोरी ओसुमी यांना ऑटोफॅजीच्या, म्हणजे पेशी स्वतःचेच निकामी भाग मोडून त्यांतील घटक पुन्हा वापरतात त्या यंत्रणेच्या संशोधनासाठी हा पुरस्कार देण्यात आला. त्यांचे मूळ प्रयोग यीस्टवरचे. टाकाऊ भाग मोडणारी विकरे (एन्झाइम) ज्यांत नव्हती अशा यीस्टच्या पेशी त्यांनी उपाशी ठेवल्या, तेव्हा एरवी मोडून नाहीशा होणाऱ्या बारीक पिशव्या पेशींच्या पोकळीत साचत गेल्या आणि काही तासांतच सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसू लागल्या. उपासमारीत ही यंत्रणा जोर धरते एवढे त्यातून निश्चित कळते. मात्र रात्री आठला जेवून दुसऱ्या दिवशी बाराला जेवणाऱ्या माणसाच्या यकृतात किंवा मेंदूत ती किती वाढते, हे दवाखान्यात मोजता येईल अशी चाचणी उपलब्ध नाही. व्हॉट्सअॅपवर फिरणारे ‘बाराव्या तासाला अमुक, सोळाव्या तासाला तमुक’ असे तक्ते म्हणूनच मी गंभीरपणे घेत नाही.

आयुर्मानाबद्दलचा सर्वांत जुना पुरावा उंदरांचा आहे. १९३५ साली कॉर्नेल विद्यापीठात मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, पोषक घटक पुरेसे पण उष्मांक कमी अशा आहारावर ठेवलेले उंदीर जास्त जगतात, हे दाखवले. पुढे अमेरिकेतच ऱ्हीसस माकडांवर दोन दीर्घकालीन प्रयोग झाले आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत. विस्कॉन्सिनमध्ये कमी खाणारी माकडे अधिक जगली, तर राष्ट्रीय वार्धक्य संस्थेच्या प्रयोगात २०१२ पर्यंत तसा फरक दिसला नव्हता. या विसंगतीचे एक कारण उद्बोधक आहे: विस्कॉन्सिनच्या आहारात साखर बरीच होती आणि तुलनेसाठी ठेवलेल्या माकडांना पोटभर खाण्याची मुभा होती, उलट दुसऱ्या ठिकाणी त्या माकडांचे खाणेही मोजूनमापून होते. म्हणजे आधीच मितभाषी, क्षमा करा, मिताहारी असलेल्याला आणखी कमी खाऊन फारसा लाभ होत नसावा.

माणसांवरचा यातला महत्त्वाचा प्रयोग ‘कॅलरी’ या नावाने ओळखला जातो. २१८ सडपातळ किंवा किंचित स्थूल लोकांपैकी १४३ जणांना दोन वर्षे २५ टक्के कमी खायला सांगितले होते, त्यांना साधले सुमारे १२ टक्के, तरीही त्यांचा रक्तदाब आणि वाईट कोलेस्टेरॉल सुधारले. परंतु हा प्रयोग घड्याळ पाहून जेवण्याचा नव्हता, ताटातले अन्न कमी करण्याचा होता, आणि दोन वर्षांवरून कोणाचे आयुष्य किती वाढले हे सांगता येत नाही.

चौविहार

अनुस्वार यांच्याशी सहमत. वजनापुरते पाहिले तर सोळा-आठच्या चाचण्यांचे निकाल काहीसे थंडच आहेत. २०२० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या चाचणीत ११६ जणांपैकी एका गटाला दुपारी १२ ते रात्री ८ या वेळातच खायला सांगितले. १२ आठवड्यांनंतर दोन्ही गटांच्या वजनात लक्षणीय फरक नव्हता. २०२२ साली चीनच्या ग्वांगचौमध्ये १३९ स्थूल व्यक्तींना वर्षभर सारखेच कमी उष्मांक दिले आणि निम्म्यांना ते सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळातच घेण्याचे बंधन घातले. बंधन असलेल्यांचे सरासरी ८ किलो आणि नसलेल्यांचे ६.३ किलो घटले, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही.

तरीही वेळेला काहीच अर्थ नाही असे मी म्हणणार नाही. २०१८ साली अलाबामात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील काही पुरुषांनी पाच आठवडे दिवसाचे शेवटचे जेवण दुपारी तीनच्या आत उरकले. वजन न घटताही त्यांचा रक्तदाब उतरला आणि शरीर इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागले. चाचणी अगदी लहान होती, हे लक्षात ठेवावे. आमच्या जैन घरात सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेण्याचा नियम पिढ्यान्‌पिढ्या असल्यामुळे माझा कल याकडे असणे स्वाभाविक आहे. पण आपल्याकडे सोळा-आठ करणारे बहुतेक लोक नाश्ता सोडतात आणि रात्रीचे नऊचे जेवण तसेच ठेवतात, ते मला उलटे वाटते.

दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांत जेवा, हा डॉ. जिचकार यांचा विचार आणि डॉ. दीक्षित यांनी त्याचा केलेला प्रसार महाराष्ट्राला परिचित आहेच. अनेकांचे वजन त्याने उतरले, त्यात मधले फरसाण, बिस्किटे आणि साखरेचा चहा बंद झाल्याचा वाटा मोठा असावा.

स्टेथोस्कोप

मी मधुमेहाचे रुग्ण पाहतो, म्हणून यजमानांविषयी आधी लिहितो. ग्लिमेपिराइड ही गोळी पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. ती घेऊन नाश्ता टाळला तर रक्तातील साखर ७० च्या खाली जाऊ शकते: दरदरून घाम, हात थरथरणे, कधी असंबद्ध बोलणे. असे झाल्यास तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. गिळता येत नसेल तर तोंडात काही न घालता रुग्णालयात न्यावे. नुसत्या मेटफॉर्मिनवर हा धोका बराच कमी असतो. तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी गोळीची मात्रा आणि वेळ बदलून दिल्याशिवाय त्यांनी एकही जेवण वगळू नये. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी पुढे सुरू झालीच, तर दीर्घ उपवासात रक्तात आम्ल साचण्याची भीती असते, तेही विचारून घ्यावे.

आता एकादशीबद्दल. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यातून सुमारे ३५० कॅलरी मिळतात आणि प्रथिने जवळजवळ नसतातच. त्यात तूप, दाण्याचे कूट आणि बटाटा आला की ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण शब्दशः खरी ठरते. श्रद्धेने जरूर करावी, मात्र चयापचयाच्या दृष्टीने तो उपवास नव्हे. ताक, थोडी फळे आणि मूठभर शेंगदाणे एवढ्यावर भागवले तर गोष्ट वेगळी.

ताई, तुमच्या वयात स्नायू झिजण्याची काळजी अधिक घ्यावी लागते. वर उल्लेख आलेल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या चाचणीत ज्यांची शरीररचना मोजली, त्यांच्या घटलेल्या वजनात चरबीपेक्षा स्नायूंसह इतर भागच जास्त होता. डाळ, उसळ, दही यांचे प्रमाण वाढवून आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचे व्यायाम करूनच जेवणाच्या वेळा आवळाव्यात.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. यजमानांची पुढील तपासणी याच महिन्यात आहे, तेव्हा गोळीचे विचारतेच. रात्रीचे जेवण साडेसातला आणणे मला शक्य आहे. पण मग सकाळचा दुधाचा चहा सहा वाजता चालेल का?

चौविहार

दूध-साखरेचा चहा म्हणजे खाणेच, तेथूनच तुमचे तास मोजायला लागतील. सकाळी सहाला कोरा चहा घ्यावा आणि दुधाचा चहा नाश्त्याबरोबर साडेआठला घ्यावा, म्हणजे रात्रीचे तेरा तास सहज मिळतात.